मान वर हाय तवर

माझ्या बापाला मी बसलेला लई कमी बघितलाय. मेंढक्याचा जन्म तो. सकाळी मेंढरं सुटली की दिवसभर काठीवर हनुवटी टेकवून, एक पाय दुसऱ्या पोटरीला लावून उभा. जेवायचासुद्धा उकिडवा, अर्धा उठलेलाच. माय म्हणायची, "ह्यांच्या बुडाला काटे हायत." शिरूर कासारच्या आमच्या वस्तीवर पाव्हणे आले की त्यांनी खाटेवर बसायचं आणि आबांनी चौकटीला टेकून उभ्यानं बोलायचं, असाच आमच्या घरचा रिवाज. त्यामुळं आबा आडवे पडले तेव्हा त्यांच्याशी बोलायचं कसं हेच आम्हाला कळेना. मान खाली घालून बापाकडं बघायची सवय कुणाला होती?

आमच्याकडची निम्मी माणसं दिवाळीच्या आगंमागं ऊस तोडायला निघतात. आमची वाट वेगळी. आम्ही कपाशीच्या मागनं चालायचो. वेचणी संपली की तेलगावकडच्या रानात उरलेल्या कपाशीच्या झाडांत, म्हणजे उभ्या पऱ्हाट्यांत मेंढरं घालायची, रात्री कुणाच्या तरी वावरात बसवायची, आणि त्या खताच्या बदल्यात वावरवाला ज्वारी द्यायचा. मी लहान असताना घोड्यावरून जायचे. घोड्याच्या एका बाजूच्या झोळीत मी, दुसऱ्या बाजूच्या झोळीत नवी जन्मलेली कोकरं. वजन जुळलं नाही की माय तिकडं एक कोकरू वाढवायची. दरसाल कोकरं वाढत गेली, आणि एका साली आबा म्हणाले, "बास झालं, आता हिला चालू द्या, घोडं मरंल." त्या झोळीतला ऊनऊन लोकरीचा वास मला आजही एखाद्या थंडीच्या सकाळी येतो. कुठनं येतो देव जाणे, माझ्या सासरी एक मेंढरू नाही.

त्याच वाटेवर आबांनी माझं लग्न जमवलं. तेलगावचंच स्थळ, बागायती गाव. आबांचा हिशोब साधा होता. दरसाल मेंढरं तिकडं जातातच, लेकीचं तोंड बघायला वेगळा हेलपाटा नको! आणि खरंच, दर वर्षी पऱ्हाट्यांच्या दिवसांत बांधावरून त्यांची हाळी यायची. पुढारी मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजायची, आणि आबा माझ्या दारात येऊन उभे राहायचे. चहा उभ्यानं. भाकरी खा म्हटलं तर "मेंढरं पुढं गेली." एसटी दारावरून जाते, जीप जाते, पण कधी गाडीतनं उतरले नाहीत. म्हणायचे, "लेकीच्या दारात बापानं आपल्या पायानं यावं."

मग एका साली आले ते एका पायात वहाण घालून. मी हसले. म्हटलं, "आबा, दुसरी वहाण मेंढीनं खाल्ली का काय?" त्यांनी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. वहाण कुठं गळून पडली ते त्यांना ठाऊकच नव्हतं. तळपायाला कळलंच नव्हतं.

पाठ तर आधीपासून दुखत होती. पण मेंढक्याची पाठ दुखायचीच; अडलेली मेंढी उचला, कोकरं खांद्यावर टाका, वाघरीचं ओझं वाहा. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायचं जाळं. कुणी तेल चोळलं, कुणी नारायणगडाचा अंगारा आणून लावला. वहाण गळाली तेव्हा मात्र माझ्या भावानं ऐकलं नाही, सरळ औरंगाबादला नेलं. आता संभाजीनगर म्हणायचं, पण आबांच्या तोंडी शेवटपर्यंत औरंगाबादच. तिथं फोटो निघाले आणि कळलं की मणक्यात गाठ हाय. कॅन्सरची. ती आतल्या नसेला दाबत होती.

ऑपरेशन झालं. डॉक्टर भला माणूस. आम्हाला बाहेरच्या बाकड्यावर बसवून स्वतः समोर उभा राहिला आणि म्हणाला, "गाठ काढलीय. मणक्याला सळ्या आणि स्क्रूचा आधार दिलाय. पण हे निम्मंच काम झालं. उरलेल्या गाठीला किरणांचा शेक द्यावा लागेल. जखम भरली आणि बाबा बसते-उठते-चालते झाले, तरच तो शेक त्यांना झेपेल. नुसते पडून राहिले तर पायातलं बळ जाईल, छातीत कफ साठेल, पाठीला जखमा होतील, आणि शेक राहून जाईल. मग ती गाठ परत वाढेल." भावानं विचारलं, "सळ्या निसटत्यात का हो, हाललं की?" डॉक्टर म्हणाले, "चालण्यासाठीच तर घातल्यात."

व्यायामाला एक पोरसवदा बाई यायची. आबा तिला "मास्तरीण" म्हणायचे. तिनं आम्हाला कूस बदलायला शिकवलं. कंबर पिळायची नाही, गुडघ्यांत उशी घालायची, आणि लाकडाचा ओंडका लोटावा तसं सगळं अंग एकदम वळवायचं. चालायच्या आधी दुखण्याची गोळी द्यायची, मग उठवायचं. आबा म्हणायचे, "दुखंना तर गोळी कशाला?" ती म्हणायची, "दुखायला लागल्यावर तुम्ही उठणार नाही, म्हणून." छाती मोकळी राहायला तिनं तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की गोळ्या वर चढतात. आबांनी एकदा ओढून बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "चिलीम सोडा म्हनत्यात अन् वढायला बी लावत्यात." दवाखान्यात ते तिच्या धाकानं उभे राहिले, वॉकर धरून दारापर्यंत गेलेसुद्धा. आम्ही खूश. म्हटलं, जिंकली लढाई.

लढाई तर घरी होती.

आमच्यात कुणाचं ऑपरेशन झालं की भेटायला जायचं असतं. ते चुकलं तर पुढच्या पिढीपर्यंत बोल राहतो. सोयरे आले, भाऊबंद आले, मागच्या वाड्या-वस्त्या आल्या. येताना बिस्किटाचा पुडा. खाटेच्या कडेला बसायचं, हातात हात घ्यायचा, डोळ्याला पदर लावायचा आणि म्हणायचं, "पडा, पडा. उठू नगा." मग दुसऱ्यानं म्हणायचं. मग तिसऱ्यानं. ज्याला भेटायला आलो तो माणूस उठून चालायला लागला तर भेटायला आल्यासारखं वाटतच नाही लोकांना! पुड्यांची थप्पी वाढत गेली आणि आबा खाटेला चिकटत गेले.

सगळ्यांवर वरचढ आमचे तात्या. तात्या म्हणजे आबांचे थोरले भाऊ. ते मुक्कामालाच आले. खाटेच्या उशाशी बसकण मारली आणि घराचा कारभार हातात घेतला. अंडं बंद, जखमेत पू होतो. मटणाचं पाणी बंद. डाळ बंद, वातूळ असते. डॉक्टरांनी नेमकं जे जे खायला घाला म्हणून सांगितलं होतं, ते ते सगळं बंद. दुधात कुस्करलेली भाकरी तेवढी चालू. "पाठीत खिळे ठोकल्यात. हालला की ढिले व्हनार. एवढं मोठं आपरेशन, अन् तुमी म्हाताऱ्याला नाचवताय व्हय?"

मी तिखट जिभेची, गावभर प्रसिद्ध. मी भांडले. तात्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. "बाई, तू दिल्या घरची. दोन दिसांची पाव्हनी. तू गप ऱ्हा." संताप संताप झाला नुसता! मायकडं बघितलं, तर ती डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढून चुलीपाशी. लग्न झाल्यापासून ती तात्यांच्या समोर एक शब्द बोललेली नव्हती. थोरल्या दिरापुढं बाईनं बोलायचं नाही, ही रीतच. भाऊ म्हणाला, "तात्यापुढं कोन बोलनार?" आणि आबा? थोरल्या भावासमोर जन्मात कधी खाटेवर टेकला नव्हता माझा बाप. आता त्याच थोरल्या भावाचा हुकूम म्हणून पडून राहिला. यालाच मान देणं म्हणतात आमच्यात. मी म्हटलं, "आबा, मास्तरणीनं काय सांगितलं व्हतं?" तर म्हणाले, "तात्या हायत तवर ऱ्हाऊ दे. त्यांना वाईट वाटंल."

पोटऱ्या बघता बघता सुकल्या. रात्री खोकला सुरू झाला. एका सकाळी कूस बदलताना माकडहाडावर लालभडक चट्टा दिसला. मी अंगणात जाऊन मास्तरणीला फोन लावला. ती आधी चांगली रागावली. मग तिचा आवाज हळू झाला. म्हणाली, "ताई, शेकाची तारीख जवळ आलीय. ते असे आले तर डॉक्टर शेक सुरू करणार नाहीत. तारीख पुढं जाईल, पण गाठ तारखेची वाट बघत नाही." फोन ठेवला आणि मी बाभळीखाली उभी राहून रडले. माझा बाप कॅन्सरनं नाही, पाव्हणेरावळ्यांनी मरणार, असं मला त्या दिवशी स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पुढारी मेंढी बसली. तीच, घंटेची. नुकतीच व्यालेली, अंगातलं त्राण गेलेलं, मागचे पाय पसरून अंगणात बसली ती उठेना. आमच्या धंद्यात बसलेलं जनावर म्हणजे निम्मं गेलेलं. भाऊ धावला, माय चूल सोडून धावली. आणि आत खाटेवरून आबांचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी असा आवाज!

"मान वर हाय का तिची?"

"हाय," भाऊ म्हणाला.

"मग बघत काय बसलास रं? गोनपाट घाल पोटाखालनं! मान वर हाय तवर उचलायची. बसू देऊ नगं, बसली की पाय आखडत्यात!"

हा आबांचा लहानपणापासून ऐकलेला कायदा. मेंढरू बसलं की आधी मान बघायची. मान वर असली तर पोटाखालून गोणपाट घालून उचलायचं, पायावर तोलून धरायचं, पडलं की परत उचलायचं. ते ओरडेल, लाथा झाडेल, कीव करायची नाही. पण मान टाकलेली असली तर उचलायचं नाही. मग त्याला ओढाताणीचा त्रास द्यायचा नाही. तोंडाला पाणी लावायचं आणि जवळ बसायचं.

भावानं गोणपाट घातलं, पण एकट्याला ती पेलेना. आणि बघते तर काय, आमचे तात्या धोतर खोचत पडवीतून उडी मारून आले! गोणपाटाचं दुसरं टोक त्यांनी धरलं. शेवटी तेही मेंढकेच. "उचल, उचल! मागनं जोर दे!" मेंढी बें-बें करतेय, पाय लटलट कापतायत, आणि तात्या तिला शिव्या घालत पायावर उभी करतायत. मेंढी उभी राहिली. पडली. तात्यांनी परत उचलली. तिसऱ्यांदा ती जरा ठरली आणि तिनं शेपटी हलवली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता दिल्या घरची असो नाहीतर जन्मल्या घरची.

"वा तात्या! मेंढीला उठवायला म्हातारपणी उड्या मारत आलात, अन् सख्ख्या भावाला खाटंला दाबून ठिवलंय! तिला म्हनताना न्हाई का पड, पड, उठू नगं? एक बिस्किटाचा पुडा तिच्याबी तोंडाम्होरं ठिवा की!"

तात्यांच्या हातात गोणपाट तसंच. "अगं, ती मेंढी हाय, ह्यो मानूस हाय..." ते म्हणाले खरे, पण शब्दांत जोर नव्हता.

मी दारात जाऊन आत बघितलं. "आबा, तुमची मान कुठं हाय?"

मेंढी उभी राहिली का ते बघायला आबांनी डोकं उशीवरून उचललेलं होतं. चांगलं वीतभर. मानेच्या शिरा ताठलेल्या. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. त्यांनाही कळलं आम्ही काय बघतोय ते. पण त्यांनी मान खाली टेकवली नाही.

तेव्हा माय पुढं आली. डोक्यावरचा पदर होता तसाच होता, पण तोंड तात्यांकडं होतं. म्हणाली, "भावजी, खाट सोडा आता."

एवढंच. उभ्या जन्मात ती तात्यांशी बोललेलं पहिलं वाक्य. तात्यांनी गोणपाट झटकून खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "धरायचं कुठनं, ते सांगा."

गोळी दिली. थोडं थांबलो. मग गुडघ्यांत उशी, सगळं अंग एकदम एका कुशीवर, पाय खाली, हातानं रेटून वर. कमरेला पट्टा बांधला. एका बाजूनं भाऊ, दुसऱ्या बाजूनं तात्या. आबा उभे राहिले. पाय मेंढीसारखेच लटलट कापत होते, कपाळावर घाम. मी मनात म्हणतेय, आता काहीतरी बोलतील, देवाचं नाव घेतील. आबांनी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "आदी ही बिस्किटाची थप्पी हलवा. वाट आडलीया."

माय हसता हसता रडायला लागली. त्या दिवशी ते चौकटीपर्यंत गेले आणि तिला टेकून उभे राहिले, आपल्या जुन्या जागी.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. भेटायची रीत मोडता येत नव्हती, म्हणून तात्यांनीच ती वळवली. ते दारात काठी घेऊन बसायचे. कुणी आलं की विचारायचे, "भेटायला आलाव? मग खाटंवर बसायचं न्हाई. त्याच्यासंगं वाघरीपतुर जायचं अन् माघारी यायचं. रडायचं आसंल तर चालता चालता रडा." बिस्किटं आणली तर परत. "अंडी आना. गावरान." रडायला येणारे चार-दोन जण फिरकेनासे झाले, त्यांचं काही अडलं नाही. जे आले ते आबांबरोबर चालले. व्याह्यांचं चालणं, भाचेजावयाचं चालणं, भजनी मंडळाचं तर टाळासकट चालणं. आबा वॉकर धरून पुढं आणि मागं मंडळी, वाघरीला वळसा घालून परत. वॉकरची त्यांना पहिल्यांदा लाज वाटायची, म्हणून त्यांनी आपली काठी त्याला सुतळीनं बांधून घेतली. म्हणे, "आता ह्यो माजा." दुपारी दोघं भाऊ समोरासमोर बसून ते तीन गोळ्यांचं यंत्र ओढायचे. आबांच्या तिन्ही गोळ्या चढायला लागल्या. तात्यांची तिसरी कधीच चढली नाही, चिलमीनं छाती खाल्लेली. आबा मुद्दाम म्हणायचे, "तात्या, तुमालाच भरती करावं म्हनतो."

चट्टा मिटला, खोकला गेला. तारखेला आबा जीपपर्यंत चालत गेले आणि पायरीवर आपला पाय आपण टाकला. शेक पुरा झाला. तो काही गोड नव्हता. तोंडाची चव गेली, अंगातनं पाणी काढून घेतल्यागत झालं, पण झेपला. मास्तरणीला भावानं पातेलंभर मेंढीचं दूध नेऊन दिलं. तिनं त्याचं काय केलं कोण जाणे.

आणि पऱ्हाट्यांच्या दिवसांत, एका सकाळी मी सासरी भांडी घासत होते, तर बांधावरून हाळी आली. मी हातातली राख तशीच घेऊन दारात आले. भावाची जीप लांब बांधाला थांबली होती. आबा तिथंच उतरले होते. वॉकर, वॉकरला काठी, मागं पुढारी मेंढी आणि तिचं वाढलेलं कोकरू, हौसेनं जीपमधून आणलेली. घंटा वाजतेय. आबा एक पाऊल टाकतायत, थांबतायत, परत टाकतायत. सासूबाई म्हणाल्या, "अगं जा की, हात दे बापाला." मी गेले नाही. चौकटीला धरून उभी राहिले. त्यांना माझ्या दारात आपल्या पायानं यायचं होतं, आणि माझा हात लागला असता तर सगळी वाट फुकट गेली असती. आले. चौकटीला टेकले. म्हणाले, "चा टाक. मेंढरं पुढं गेली." मेंढरं म्हणजे ती दोनच, माझ्या तुळशीचा पाला खात अंगणात उभी. माझं इतकं सुखाचं रडणं कधी झालं नाही.

असे पऱ्हाट्यांचे आणखी दोन मोसम मिळाले. तिसऱ्याला हाळी आली नाही, भावाचा फोन आला.

गाठ परत उठली होती, या वेळी एका जागी नव्हती. डॉक्टरांनी आता कापायचं काही उरलं नाही म्हणून सांगितलं. मी माहेरी पोचले तेव्हा आबा त्याच खाटेवर होते. माय पायथ्याशी, तात्या दारात, काठी आडवी धरून. मी नेहमीच्या घाईनं आत शिरले. गोळी दिली का, उशी कुठंय, पट्टा आणा. मी आबांच्या खांद्याखाली हात घातला. "चला आबा, वाघरीपतुर. लई दिवस झाले."

ते उठले नाहीत. डोकं उशीत खोल रुतलेलं होतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत भीती नव्हती, थोडी गंमतच होती.

"बाई," ते म्हणाले, "मेंढक्याची लेक ना तू? आदी मान बघायची आसती."

मी जन्माची भांडखोर. बापाशी, भावाशी, तात्यांशी, दवाखान्याशी भांडले. त्या मानेशी भांडले नाही. मी खांद्याखालचा हात हळूच काढून घेतला. वाटीतलं पाणी बोटानं त्यांच्या ओठाला लावलं. आणि जवळ बसले.